पाताळवाटांचे शब्द

वामनाने बळीराजाला पाताळात घातले त्याला किती युगे लोटली कोण जाणे. पण दर दिवाळीच्या पाडव्याला घराघरांतून "इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो" हे मागणे आजही मागितले जाते. मागणाऱ्याच्या मनात पाताळ म्हणजे काही नरक नव्हे. तिथे एक दानशूर राजा नांदतो आहे, आणि त्याच्यापाशी असलेली सुबत्ता कधी ना कधी वर यावयाची आहे, असा तो भाव असतो. आमच्या मंठ्याकडे पाणीच मुळी पाताळातून वर काढावे लागते. तेव्हा ही कल्पना आम्हांला चटकन पटावी यात नवल ते काय? म्हणून दिव्यांच्या या सणात वाचकांना घटकाभर जमिनीच्या पोटातल्या अंधारात नेतो आहे, याबद्दल ते रागावणार नाहीत अशी आशा आहे. तिथे रत्नमाणके सापडावयाची नाहीत. सापडतील ते शब्द.

विषय असा, की जमीन वरून न उकरता तिच्या आतून आडवी वाट काढावयाची. आज शहरात चालता रस्ता न फोडता त्याच्या खालून नळ घालतात, नदीच्या तळाखालून केबल नेतात, गजबजलेल्या पेठेखालून आगगाडी सोडतात. हे शास्त्र इंग्रजी शब्दांत बांधलेले असल्यामुळे ते कालपरवा साहेबाच्या देशातून आले, असे आपल्याला वाटते. वस्तुतः ही विद्या फार जुनी आहे. ज्या ज्या काळी माणूस असा आडवा आत शिरला, त्या त्या काळी त्याने आपल्या भाषेत एखादा शब्द ठेवला. ते शब्द ओळीने मांडले, तर एक छोटीशी बखरच तयार होते.

आरंभ करावयाचा तो 'सुरुंग' या शब्दापासून. हिंदी बोलणारा मनुष्य 'सुरंग' म्हणतो तेव्हा त्याला भुयार अभिप्रेत असते. मराठी माणूस 'सुरुंग' म्हणतो तेव्हा त्याच्या कानांत बार ऐकू येतो. एकच शब्द, एका भाषेत पोकळी, दुसरीत धमाका! मूळ संस्कृत शब्द 'सुरुङ्गा'. तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे आणि महाभारतातही आहे. लाक्षागृहाची कथा लहानपणी कोणी ऐकली नाही? पांडवांना लाखेच्या घरात जाळण्याचा बेत विदुराला कळला. त्याने एक खनक, म्हणजे खणणारा कसबी मनुष्य, गुपचूप पाठविला. त्याने घराच्या आतून जमिनीखाली वाट कोरली, आणि त्या वाटेने कुंतीसह पाचही पांडव सुखरूप बाहेर पडले. सगळ्या महाभारताचा डोलारा त्या एका खनकाच्या हातावर उभा आहे. पण त्या बिचाऱ्याचे नाव काही आपल्याला ठाऊक नाही. जमिनीखालच्या कामाची ही रीतच दिसते. काम टिकते, शब्द टिकतो, करणाऱ्याचे नाव तेवढे मातीत जाते.

परंतु खरे नवल पुढेच आहे. हा 'सुरुङ्गा' शब्द मुळात आपला नव्हे, तो ग्रीकांकडून आला, असे भाषापंडितांचे मत आहे. ग्रीक भाषेत 'सिरिंक्स' म्हणजे वेळूची पोकळ नळी, गुराख्याचा पावा. पुढे कोणत्याही नळीला, आणि मग नळीसारख्या लांबट भुयारालाही तेच नाव पडले. शिकंदराच्या स्वारीनंतर ग्रीकांचा आणि आपला संबंध वाढला, त्या वाटेने केव्हातरी हा शब्द इकडे आला असावा. डॉक्टरांच्या हातातली सुई आपण 'सिरिंज' म्हणतो ना, तीही याच सिरिंक्सची लेक. म्हणजे दवाखान्यातली सिरिंज आणि खाणीतला सुरुंग ही सख्खी चुलत भावंडे ठरली!

आता आपल्या 'नळ' शब्दाकडे पाहावे. नळ म्हणजे मुळात बोरूच्या जातीचे पोकळ गवत. त्यावरूनच नळी, नळा, नाळ हा सगळा गोतावळा. "नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे" या म्हणीतली नळीही त्यातलीच. सारांश, ग्रीसच्या गुराख्याने आणि गोदातीरच्या शेतकऱ्याने एकमेकांना न विचारता एकच गोष्ट केली. पाण्याकाठच्या पोकळ काडीकडे पाहिले, आणि जमिनीखालच्या पोकळ वाटेला तिचे नाव दिले. 'भुयार' हा शब्दही असाच घरगुती आहे. संस्कृतातले 'भूमिगृह' प्राकृत लोकांच्या तोंडी झिजत झिजत 'भुयार' झाले. त्याला घर म्हटले की अंधाराचे भय निम्मे कमी होते.

मग मराठीतल्या सुरुंगात दारू कोठून भरली गेली? तर्क करावयाचा तर तो लढाईकडे न्यावा लागतो. किल्ल्याचा तट वरून चढून घेता येत नाही, तेव्हा वेढा घालणारे लोक लांबून जमिनीखाली वाट कोरीत तटाच्या पायापर्यंत जात, तिच्या टोकाशी दारूची पिंपे ठासून भरीत आणि बत्ती देत. याचे सर्वांत रोमांचकारी उदाहरण अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र शाहजादा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. आत होती हुसेन निजामशहाची कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा, चांदबिबी. मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. त्यांच्याच छावणीतल्या एका माणसाला दया आली आणि त्याने रात्री ही बातमी किल्ल्यात पोचविली. आतल्या लोकांनी उलट बाजूने जमीन खणून दोन सुरुंग हुडकले आणि निकामी केले. तिसरा हाती लागण्याच्या आत उडाला, आणि तटाचा मोठा भाग ढासळला. तेव्हा बुरखा घेतलेली चांदबिबी तलवार उपसून त्या खिंडारात येऊन उभी राहिली. दिवसभर हल्ले परतविले, आणि रात्रीत खिंडार बुजवून तट पुन्हा उभा केला. पुढे १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह करावा लागला हे खरे. पण किल्ला त्या वेळी वाचला. या हकिकतीत दोन्ही पक्षांकडचे खणणारे अंधारात, एकमेकांच्या कुदळींचा कानोसा घेत, मातीच्या एका पातळ भिंतीच्या दोन बाजूंना काम करीत होते, हे वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

पुढे १६६० साली शायिस्ताखानाने चाकणचा संग्रामदुर्ग घेतला तोही असाच. फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर लोकांनिशी जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजविला. शेवटी खानाने लांबून भुयार खणून बुरूज उडविला तेव्हाच इलाज खुंटला. अशा लढायांतून आमच्या लोकांच्या मनात सुरुंग आणि दारू यांची अशी गाठ पडली, की वाट गेली आणि बार तेवढा राहिला. लढाया संपल्यावर तोच शब्द विहिरीत उतरला. वडार बांधव काळ्या पाषाणात पहारीने भोक पाडीत, त्यात बार भरीत, वात लावीत आणि "सुरुंग! सुरुंग!" अशी आरोळी ठोकीत वर येत. मराठवाड्यातल्या कितीतरी विहिरींचे तळ या आरोळीने फुटले आहेत. उलट दक्षिणेत, कासरगोड आणि दक्षिण कन्नड या भागात, लोक आजही डोंगराच्या जांभ्या दगडात आडवी बिळे कोरून त्यांतून झिरपणारे पाणी सुपारीच्या बागांना देतात, आणि त्या बिळांना 'सुरंग' असेच म्हणतात. तिथे शब्दाने आपली जुनी वाट सोडली नाही.

आता या पाण्याच्या वाटेलाच लागू. जमिनीखालून पाणी आणण्याची विद्या इराणात परिपूर्ण झाली. तिथे तिला 'कनात' किंवा 'कारेझ' म्हणत. युक्ती अशी: डोंगराच्या पायथ्याशी जिथे भूगर्भात पाणी आहे तिथे एक खोल विहीर घ्यावयाची, मग गावाकडच्या सखल बाजूने, अगदी अल्प चढ ठेवून, त्या विहिरीकडे भुयार कोरीत जावयाचे. वाटेत ठराविक अंतरावर वरून उभी विवरे पाडावयाची, म्हणजे माती वर काढता येते, हवा आत येते आणि दिशा चुकत नाही. भुयार विहिरीपर्यंत पोचले की पाणी आपल्या पायांनी चालत गावात येते. मोट नको, बैल नको, आणि उन्हाने एक थेंब उडून जावयाचा नाही. दक्षिणेतल्या सुलतानांनी ही विद्या आपल्या मुलखात आणली. बिदरजवळ नौबादची कारेझ आहे. बुऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास झालेला कुंडी भंडारा आहे. त्याच्या शंभराहून अधिक विवरांच्या रांगेला लोकांनी 'कुंडी' हे आपले शेजघरचे नाव देऊन टाकले. नगरात कापूरवाडी, शेंडी अशा गावांकडून निजामशाही काळात पाणी आणले, ते 'खापरी नळां'तून. कुंभाराने चाकावर घडवून भट्टीत भाजलेला नळ, एकाचे निमुळते तोंड दुसऱ्याच्या पोटात, सांध्याला चुना, आणि सभोवती दगडचुन्याचे कवच. 'खापरी नळ' या दोन शब्दांत त्या सगळ्या कामाची कृतीच सांगितलेली आहे!

या विद्येचा आमच्याकडचा मुकुटमणी म्हणजे मलिक अंबर. हबसाणातून गुलाम म्हणून विकत विकत दक्षिणेत आलेला हा पुरुष निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला. त्याने खडकी हे गाव राजधानीसाठी निवडले. तेच पुढचे औरंगाबाद, आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. खडकी नावाप्रमाणेच खडकाळ. तिथे सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने जमिनीखालून पाणी आणले, तीच 'नहर-ए-अंबरी'. खाम नदीच्या खोऱ्यातले, हर्सूलकडचे झिरपते पाणी भुयारात गोळा करून ते शहरातल्या हौदांपर्यंत नेले. त्याच्या मागून थत्ते नहर, पाणचक्कीची नहर अशा आणखी नहरा झाल्या. पाणचक्कीला सहलीला गेलेल्या प्रत्येक मुलाने तो उंचावरून हौदात कोसळणारा प्रवाह पाहिला असेल. ते पाणी दूरच्या डोंगरातून खापरी नळांनी येते, बंद नळातल्या दाबामुळे उंच स्तंभात चढते आणि खाली पडता पडता जाते फिरविते. त्या जात्यावर एके काळी दर्ग्यातल्या फकिरांचे आणि विद्यार्थ्यांचे पीठ दळले जाई. 'नहर' हा अरबी शब्द; त्याचा मूळ अर्थ नदी. जमिनीखालच्या हातभर रुंदीच्या धारेला नदी म्हणणाऱ्यांची दृष्टी केवढी मोठी असेल!

आमच्या जालन्यालाही हा वारसा लाभला होता. मलिक अंबराने जमशेदखान नावाचा आपला सरदार जालन्यावर नेमला. त्याच्या देखरेखीखाली तिथे मशीद झाली, सराई झाली, आणि शहरासाठी जमिनीखालच्या नाल्या आणि हौद यांची योजनाही झाली. ज्या शहराने अलीकडच्या काळात टँकरमागे धावण्यात वर्षांमागून वर्षे काढली, त्याच्या पायाखाली चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी पाण्याची सोय करून ठेवली होती, ही गोष्ट जालन्याच्या किती घरांत ठाऊक असेल?

पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठापेठांच्या हौदांपर्यंत आणले. त्या मार्गावर ठिकठिकाणी उभे झरोके ठेवले, त्यांना नाव दिले 'उच्छ्वास'. माझ्या मते जमिनीखालच्या साऱ्या मराठी शब्दांत हा सर्वांत देखणा शब्द आहे. बंद नळात हवा कोंडली की पाणी अडते, हे शास्त्र झाले. पण ज्या कारागिराने नळालाही श्वास लागतो हे ओळखले, त्याने पाण्याकडे सजीव म्हणून पाहिले असले पाहिजे. 'उच्छ्वास' ऐकले की तो झरोका बुजवावयाचा नाही, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. शब्दच राखणदार होतो.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. पाणी शहरात आले म्हणून ते सर्वांपर्यंत आले असे झाले नाही. ज्यांनी चर खणले, दगड फोडले, नळातला गाळ उपसला, त्यांतल्या कितीकांना त्याच हौदाला शिवण्याची बंदी होती. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला, तेव्हा कुठे पुण्याने एक जुनी गाठ सैल होताना पाहिली. जमिनीखालच्या नळांचा इतिहास लिहिताना वरच्या माणसांचा हा इतिहास विसरता येत नाही.

यानंतर आली आगगाडी आणि तिच्याबरोबर 'बोगदा' हा शब्द घरोघर पोचला. १८५६ पासून १८६३ पर्यंत बोरघाटात लोहमार्गाचे काम चालले. पंचवीस बोगदे कोरले गेले. वाटेत कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आजारी पडून वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते काम पुढे चालू ठेवले. मात्र खरे काम केले ते दोरांना लोंबकळत कड्यात भोके पाडणाऱ्या हजारो मजुरांनी. पटकीने, सुरुंगांनी आणि दरडींनी त्यांतले हजारो दगावले. आज बोगदा आला की डब्यातली मुले आनंदाने आरोळी ठोकतात. त्या आरोळीला तिथल्या दगडातून जो प्रतिध्वनी येतो, तो त्या निनावी लोकांचाच समजावा.

इंग्रजीतल्या 'टनेल' शब्दाची कूळकथाही गमतीची आहे. तो पिंपाच्या जुन्या फ्रेंच नावावरून आला, आणि भुयाराला लागण्यापूर्वी तित्तिर पक्षी पकडण्याच्या लांबट, निमुळत्या जाळ्याला तो लावीत. म्हणजे साहेबानेही पाताळात जाताना पिंप आणि जाळेच बरोबर नेले! त्याच्या शास्त्रातला मोठा शोध तर एका किड्याकडून शिकलेला. लाकडी जहाजे पोखरणारा एक समुद्री किडा असतो. तो डोक्यावरच्या कठीण शिंपल्यांनी लाकूड कोरतो आणि मागे राहिलेल्या बिळाला आतून गिलावा करीत जातो. मार्क ब्रुनेल या इंजिनिअराने ते पाहिले आणि लोखंडाची मोठी चौकट बनविली. तिच्या छत्तीस खणांत छत्तीस मजूर उभे राहून पुढची माती खणीत, चौकट इंचाइंचाने पुढे सरकवीत, आणि मागे गवंडी विटांचे अस्तर बांधीत. या चौकटीला नाव पडले 'शील्ड', म्हणजे ढाल. या ढालीआड लंडनच्या थेम्स नदीखालचा बोगदा १८२५ साली सुरू होऊन १८४३ साली खुला झाला. मध्ये नदी अनेकदा आत घुसली, माणसे बुडाली. पण ढाल मागे फिरली नाही.

आज बोगदे कोरणारी जी अजस्र यंत्रे आहेत, ती या ढालीचीच पणतवंडे. मुंबईच्या आरे ते कफ परेड या सुमारे साडेतेहतीस किलोमीटरच्या भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकांना खुला झाला. त्यासाठी जमिनीखाली उतरविलेल्या यंत्रांना नावे दिली होती सूर्या, वैतरणा, वैनगंगा, कृष्णा, गोदावरी, तापी! सगळी नद्यांची. मलिक अंबराच्या लोकांनी भुयाराला नदी म्हटले, आणि चारशे वर्षांनी मुंबईत भुयार करणाऱ्या यंत्राला नदीचे नाव दिले. कोणी ठरवून केले नाही. पण भाषेच्या पोटातही अशा आडव्या वाटा असतात.

मोठ्या बोगद्यांची ही कथा झाली. रस्त्याखालून वीतभर-हातभर जाडीचा नळ घालण्याच्या युक्त्या त्याहून गमतीच्या आहेत, आणि दिवाळीच्या दिवसांत त्या समजावून सांगणे फार सोपे. पहिली युक्ती चकलीच्या सोऱ्याची. रस्त्याच्या या बाजूला एक खड्डा, त्या बाजूला दुसरा. पहिल्या खड्ड्यात मोठा दट्ट्या बसवून तो नळाला मागून रेटतो. पुढे माती कोरली जाते. एक नळ आत गेला की त्याच्या पाठीला दुसरा लावावयाचा, असे करीत नळांची माळ पलीकडच्या खड्ड्यात निघते. अमेरिकेतल्या लोहमार्गांखालून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे नळ रेटू लागले. दुसरी युक्ती परकराच्या नाडीची. नेफ्यात नाडी घालताना आपण आधी पिन सरकवितो आणि तिच्यामागून नाडी ओढून घेतो ना? तसेच हे. बारीक सळई वळवीत वळवीत नदीखालून पलीकडे काढतात, मग तिच्या टोकाला भोक रुंदावणारे हत्यार आणि त्यामागे नळ बांधून सगळे परत ओढून घेतात. १९७१ साली कॅलिफोर्नियात एका नदीखालून असा नळ प्रथम ओढला गेला. तिसरी युक्ती मोज्याची. जुना नळ गळू लागला, तर त्याच्या आत डिंकासारख्या रसायनात भिजविलेला कापडी मोजा उलटा करीत घालतात; तो आतून चिकटून टणक झाला की नळात नवा नळ तयार! हीही १९७१ चीच, लंडनची. आणखी एक छोटे हत्यार आहे. ते धक्के देत मातीत घुसते. साहेबाने त्याला जमीन पोखरणाऱ्या आपल्याकडच्या 'मोल' नावाच्या प्राण्याचे नाव दिले. आपल्याकडे शोध लागता, तर खात्रीने त्याचे नाव 'घूस' ठेवले असते.

आणि मुख्य प्रश्न येथेच उभा राहतो. या सगळ्याला मराठीत म्हणावयाचे काय? परिभाषा घडविण्याचा खटाटोप आपल्याला नवा नाही. शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश करविला; दरबारातल्या चौदाशेच्या आसपास यावनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. अमात्य, सचिव, सुमंत ही नावे त्या काळाने रूढ केली. पण मुख्य प्रधानाला लोक 'पेशवा'च म्हणत राहिले, आणि तोच शब्द इतिहासाने उचलला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले. त्याने इंजिनिअरिंगसकट अनेक शास्त्रांचे परिभाषाकोश काढले. त्या विद्वानांच्या कष्टांना माझा नमस्कार आहे. तथापि शब्द टाकसाळीतून निघाला, तरी तो नाणे होतो बाजारात. गिऱ्हाइकाने तो हातात घेतला पाहिजे.

म्हणून मी एकदा वर्गात मुलांना विचारले, "रस्ता न खणता त्याच्या खालून पाइप नेला, तर त्याला काय म्हणाल?" पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा डोके खाजवीत "अखनन" का असे काहीतरी म्हणाला. मागच्या बाकावरून सरळ उत्तर आले, "गुरुजी, आडवा बोअर!" त्या मुलाच्या घरच्या विहिरीला आडवे बोअर मारलेले होते. मराठवाड्यात विहीर आटली, की तिच्या तळाशी यंत्र उतरवून चारही बाजूंच्या खडकात लांब आडवी भोके पाडतात आणि आसपासचे झरे विहिरीकडे वळवितात. शेतकऱ्याला कारेझ हा शब्द ठाऊक नाही. पण कारेझीची अर्धी विद्या त्याने आपल्या गरजेतून पुन्हा शोधून काढली, आणि तिला नावही दिले. यातला 'बोअर' इंग्रजी आहे खरा. पण हौद, नहर आणि सुरुंग तरी कोणत्या आजोळचे? जो आला, राबला आणि ज्याने पाणी पाजले, तो आपला.

ज्यांना देशी शब्दच हवा असेल त्यांच्यासाठी आणखी एक सुचवितो. नळ टाकण्यासाठी खणतात त्या चराला आमच्याकडे 'चारी' म्हणतात. तेव्हा चारी न खणता नळ घातला, तर 'बिनचारीचा नळ' म्हणावे. शेतावरच्या गड्याला तो पहिल्या ऐकण्यात कळेल. तो रुजला तर आनंद, न रुजला तर आडवा बोअर आहेच.

कोणी म्हणेल, मास्तर, शब्दाचा एवढा सोस कशाला? काम झाल्याशी कारण. यावर माझे उत्तर असे. छत्रपती संभाजीनगरात जुन्या नहरा कित्येक ठिकाणी फुटल्या, बुजल्या, त्यांच्या अंगावर घरे आणि रस्ते झाले. ज्यांनी त्या फोडल्या, ते काही पाण्याचे वैरी नव्हते. पायाच्या खड्ड्यात चुनेगच्ची पोकळी लागली, तेव्हा ही नहर आहे हे त्यांना कळले नाही. कारण तो शब्द त्यांच्या कानांवरून केव्हाच गेलेला नव्हता. रस्त्याकडेच्या दगडी झरोक्याला 'उच्छ्वास' म्हणणारे लोक होते तोवर त्याचा श्वास चालू होता. तोच झरोका 'जुने काहीतरी बांधकाम' झाला, त्या दिवशी त्यात राडारोडा पडला. जमिनीवरची वस्तू डोळ्यांनी राखता येते. जमिनीखालची वस्तू केवळ शब्दाने राखावी लागते.

यंत्राचेही तसेच आहे. आडवा बोअर मारणारे यंत्र आंधळे असते. पुढे काय आहे ते त्याला कोणीतरी सांगावे लागते. आमच्या परतूर-मंठा भागात आता गावोगाव ग्रीड योजनेचे नळ गेले आहेत. 'ग्रीडचं पाणी' हा शब्द म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही तोंडी बसला आहे. त्या नळांची वाट आज ज्यांना ठाऊक आहे ते लोक चाळीस वर्षांनी नसतील. त्या वेळी कोणी नवी वाट कोरू लागला, तर त्याला 'येथून आमचा नळ गेला आहे' असे सांगणारा कागद आणि तो कागद वाचता येईल असा शब्द, दोन्ही गावापाशी हवेत.

याला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. या दिवाळीच्या सुटीत घरातल्या मुलांनी एक वही करावी. गावातली जुनी विहीर, बारव, हौद, बुजलेला नळ, कोणाच्या शेतात कोणत्या दिशेला आडवा बोअर गेला आहे, ते आजोबा-आजीला, गवंड्याला, विहिरी खोदणाऱ्याला विचारून, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. शेजारी हाताने नकाशा काढावा. आणि ज्याने सांगितले, ज्याने खणले, त्याचे नाव खाली लिहावे. विदुराच्या खनकाचे नाव लिहून ठेवावयाचे राहून गेले. आपल्या गावच्या खनकाचे तरी राहू नये. पाताळातल्या बळीराजाचे राज्य वर येईल तेव्हा येवो. त्याच्याकडे जाणाऱ्या वाटांची नावे मात्र आपण जपून ठेवू या. वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो, आणि त्यांच्या विहिरींना पाणी राहो.